व्याख्यानात श्रोत्यांना तंत्राच्या मदतीने सहभागी करून घ्यायचंय: मुंबईत कुणी केलंय का?

दादर_पश्चिम

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची तीन संध्याकाळची व्याख्यानमाला हिवाळ्यात आहे, दादरच्याच एका सभागृहात. साधारण अडीचशे खुर्च्या. विषय मुंबईचं पाणी, मुंबईचा कचरा आणि मुंबईची लोकल. वक्ते तिन्ही जाणकार आहेत.

एक गोष्ट मला खूप दिवस लागून राहिलीय. वक्ता तासभर बोलतो आणि शेवटी दहा मिनिटं प्रश्नोत्तरं होतात. त्या दहा मिनिटांत माइक पुढच्या दोन रांगांतच फिरतो. नेहमीचेच चार-पाच जण उठतात, प्रश्न एका ओळीचा आणि प्रस्तावना पाच मिनिटांची. मागे बसलेली कॉलेजची मुलं, बायका, नव्याने आलेले लोक गप्पच राहतात. नंतर चहाच्या टेबलाशी त्यांचं बोलणं ऐकलं की कळतं, खरं बोलायला हवं होतं ते यांनी.

म्हणून यंदा पडद्यावर थेट मतचाचणी, मोबाइलवरून प्रश्न असं काही करावं असा विचार आहे. पण निम्मे श्रोते साठीच्या पुढचे, हॉलमध्ये नेटवर्क यथातथा, सगळं मराठीत हवं आणि पैसे बेताचे. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

लोकल_८_४०

कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी हे काम बरंच केलंय, म्हणून लिहितो.

अशा साधनांची तीन नावं तुमच्या कानावर येतील. स्लायडो प्रश्न गोळा करायला चांगलं. श्रोता नाव न देता प्रश्न टाइप करतो, बाकीचे त्याला अंगठा देतात, जास्त अंगठेवाला प्रश्न वर चढतो. मेंटीमीटर मतचाचणी आणि शब्दमेघासाठी (लोकांनी लिहिलेले शब्द पडद्यावर एकत्र, जास्त वेळा आलेला शब्द मोठा), तर कहूट प्रश्नमंजूषेसाठी. तिन्हींत श्रोत्याला ॲप उतरवून घ्यावं लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं. फुकटच्या योजनेत सहभागींची संख्या मर्यादित असते आणि ती मर्यादा बदलत राहते, तेव्हा अडीचशे जणांसाठी आधी पाहून घ्या.

कहूट तुमच्यासाठी नको असं माझं स्पष्ट मत. तिथे वेगाला गुण आहेत. बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १,०००, आणि उशीर होईल तसे ते निम्म्यापर्यंत उतरतात. शाळेच्या मुलांना त्याची मजा येते. पण ज्या आजोबांनी चाळीस वर्षं लोकलने प्रवास केला, ते उत्तर माहीत असूनही तळाला जाणार. तुमच्या कार्यक्रमात असं कुणालाही वाटायला नको.

स्लायडोची गोम अशी की पहिल्या काही मिनिटांत आलेले प्रश्न वर जातात आणि वरच राहतात, कारण लोक वरचंच वाचतात. उशिरा सुचलेला चांगला प्रश्न खाली बुडतो. म्हणून सूत्रसंचालकाने अंगठ्यांवर विसंबू नये, शेजारी एक माणूस लॅपटॉपवर नवे प्रश्न वाचत बसलेला हवा. पडद्यावर जाण्याआधी प्रश्न मंजूर करायची सोय चालू ठेवा. मराठी शिव्या यंत्राला कळतील या भरवशावर राहू नका.

शब्दमेघ मराठीत दिसायला फार छान, पण 'पाणी' हा शब्द कुणी देवनागरीत लिहिणार, कुणी रोमनमध्ये, त्यातही कुणी एक 'a' घालणार, कुणी दोन. यंत्राला ते तीन वेगळे शब्द. पर्याय देऊन विचारणं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वक्त्याबरोबर बसा आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहून काढा: बहुतेकांनी 'अ' म्हटलं तर तुम्ही पुढे काय बोलाल, 'ब' म्हटलं तर काय बोलाल. दोन्हीकडे तेच लिहिलं जात असेल तर तो प्रश्न काढून टाका. आपल्या उत्तराने काही बदलत नाही हे श्रोत्यांना लगेच कळतं आणि पुढच्या वेळी कुणी फोन हातात घेत नाही.

गिरगाव_जुना

मी आयुष्यभर रंगमंचामागे काम केलं. तुमची तळमळ कळते, पण मनापासून विरोध नोंदवतो.

नाटक ऐन रंगात आलेलं असताना तिसऱ्या रांगेत एक पडदा उजळला की नटाचा सूर जातो, मागच्या पन्नास जणांचं लक्ष जातं. नाट्यगृहांत जॅमर (मोबाइलचे सिग्नल अडवणारं यंत्र) बसवा अशी मागणी मुंबईत झाली ती उगाच नाही. केंद्राच्या परवानगीशिवाय जॅमर वापरता येत नाही, म्हणून शेवटी हात जोडून विनंती करण्यावरच भागवावं लागतं. इतकी वर्षं आम्ही 'फोन बंद ठेवा' सांगत आलो आणि आता तुम्ही 'फोन काढा' सांगणार.

आपल्याकडे प्रेक्षक कधीच मुका नव्हता. संगीत नाटकात वन्समोअर मिळाला की पद पुन्हा म्हणावं लागे, प्रयोगाची वेळ प्रेक्षक ठरवत. कीर्तनकार मध्येच थांबून नामघोष समोरच्यांकडून म्हणवून घेतो. बैठकीत फर्माईश यायची. हे सगळं समोर बघून, आवाज ऐकून चाले. मान खाली घालून चालत नसे.

दादर_पश्चिम

गिरगावकाका, तुमचं म्हणणं पटतं. नाटकात हे मीही करणार नाही. पण व्याख्यानात वन्समोअर देणाराही आता पुढच्या दोन रांगांतलाच असतो, त्याचं काय करावं?

गिरगाव_जुना

रास्त प्रश्न. मग निदान एवढं करा: प्रश्न विचारताना हॉलचे दिवे लावा आणि वक्ता बोलत असताना सगळे फोन खिशात. दिव्यांनी लोकांना कळू द्या, आता तुमची पाळी आणि आता त्यांची.

केबलवाला

ध्वनी, प्रकाश आणि हल्ली नेटवर्क असं तिन्ही भाड्याने देतो. वरची दिव्यांची सूचना लाखमोलाची. आता तांत्रिक बाजू.

रिकाम्या हॉलमध्ये केलेली नेटवर्कची चाचणी ही चाचणीच नव्हे. दुपारी सगळं झकास दिसतं. संध्याकाळी अडीचशे माणसं बसली की दोन गोष्टी होतात. टॉवरवर एकदम भार येतो, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी वायफायच्या लहरी शोषतं. म्हणून ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी पेटी, टेबलावर कधीच ठेवायचा नाही, डोक्यांच्या वर, उंच टांगायचा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या इमारतींतले राउटर त्या आधीच व्यापून बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झ वापरा. घरगुती राउटरवर अडीचशे फोन चढणार नाहीत. भाड्याने घेताना 'स्पीड किती' हे विचारू नका, 'एकदम किती जण जोडले जातील' हे विचारा. मतचाचणीला डेटा नगण्य लागतो, अडतं ते जोडणीवर.

इंटरनेटशिवाय लॅपटॉपवरच सगळं चालवायचा मार्गही आहे. अडचण अशी की 'या वायफायवर इंटरनेट नाही' असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर परत जातात आणि पान उघडत नाही. ज्येष्ठांना हे समजावण्यात कार्यक्रम निघून जातो.

क्यूआर कोडबद्दल: जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या साधारण एक दशांश रुंदी हवी. शेवटची रांग १५ मीटरवर असेल तर पडद्यावर कोड दीड मीटरचा. एवढा मोठा कुणी लावत नाही आणि मग मागचे लोक उभे राहून फोन पुढे करतात. त्यापेक्षा प्रत्येक खुर्चीवर छापील चिठ्ठी ठेवा. कोडाभोवती त्यातल्या चार बारीक चौकोनांइतकी पांढरी कड सोडायचीच, डिझायनरला तिथे वेलबुट्टी काढू देऊ नका. गडदावर फिका असा उलटा कोडही टाळा. पत्ता जितका छोटा तितके चौकोन कमी, आणि कोड तितका पटकन वाचला जातो.

आणखी एक, हे प्रत्येक कार्यक्रमात होतं. भाजीवाल्याकडे पैसे देऊन देऊन स्कॅन करणं आता सगळ्यांना येतं, पण त्यामुळे अनेक जण पैसे भरायचं ॲप उघडून स्कॅन करतात. ते ॲप सांगतं 'कोड अवैध', आणि काका म्हणतात तुमचं यंत्र बिघडलंय. चिठ्ठीवर ठळक छापा: 'फोनचा कॅमेरा उघडा'.

मतचाचणीचा लॅपटॉप आणि वक्त्याच्या स्लाइडचा लॅपटॉप वेगळे ठेवा, मध्ये स्विचर, म्हणजे पडद्यावर कुठल्या लॅपटॉपचं चित्र जावं ते बदलणारी पेटी. वक्त्याला खिडक्या बदलायला लावलं की बोलण्याची लय तुटते. आणि यूट्यूबवर थेट दाखवणार असाल तर तिथलं चित्र काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असतं. घरी बसलेल्यांना प्रश्न दिसेपर्यंत हॉलमधलं मतदान संपलेलं असतं. त्यांच्यासाठी वेळ वाढवून द्या, नाहीतर त्यांना मत द्यायला सांगूच नका.

मुलुंडची_बाई

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इतकं वाचल्यावर वाटलं, सगळे फोनवरच का अडलेत?

आमच्या वर्गात मुलांकडे फोन नसतात. तिथे मी प्लिकर्स वापरते. छापील कार्डं असतात, प्रत्येकावर वेगळी काळी-पांढरी आकृती. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जो पर्याय निवडायचा ती बाजू वर करून कार्ड उंच धरायचं. मी माझा एकच फोन वर्गावरून फिरवते, कॅमेरा एका दमात अनेक कार्डं वाचतो आणि फळ्याशेजारच्या पडद्यावर आलेख उभा राहतो. बाजूंवरची अक्षरं बारीक असतात, त्यामुळे शेजाऱ्याने काय निवडलं ते दिसत नाही. इंटरनेट लागतं ते फक्त माझ्या फोनला आणि लॅपटॉपला. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, दिव्याची तिरीप पडली की कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.

मर्यादा अशी की संच ६३ कार्डांपर्यंतचा. अडीचशे जणांना पुरणार नाही. पण माझ्या मते तुमचा फायदा इथेच आहे! चार खुर्च्यांना एक कार्ड द्या. मग चौघांना आपसांत बोलून ठरवावंच लागेल.

हे मी मनाने सांगत नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून ही पद्धत रुजवली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं, मग पुन्हा मत द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के लोक बरोबर असतील तर चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी असतील तर आधी थोडं समजावून सांगा, जास्त असतील तर पुढे चला. सुरुवातीला त्यांच्याकडेही हातात धरायची कार्डंच होती, बटणांची यंत्रं नंतर आली.

वर्गात मी रोज पाहते. उत्तर चुकलेलं मूल, शिक्षिकेने सांगितलेलं कारण विसरतं. शेजारच्या मैत्रिणीशी वाद घालून पटलेलं कारण विसरत नाही. प्रश्न मात्र वाद होण्याजोगा हवा. 'विहार तलाव कधी बांधला' हा प्रश्न नको, १८६० हे उत्तर माहीत असतं किंवा नसतं. 'मुंबईला सर्वांत जास्त पाणी कुठून येतं' यावर चौघे भांडतील.

लोकल_८_४०

बाई, वाचून फार आनंद झाला. यात एक जुना धागा जुळतो. १९९१ मध्येच लास वेगासला संगणकचित्रांच्या सिग्राफ परिषदेत लॉरेन कारपेंटर यांनी हजारो लोकांना एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने हिरव्या अशा परावर्तक पट्ट्या दिल्या होत्या. कॅमेरा रंग मोजायचा आणि अर्धं सभागृह विरुद्ध अर्धं सभागृह असा पडद्यावर पाँगचा, म्हणजे चेंडू टोलवायचा, खेळ चालला. कुणी सूचना दिल्या नव्हत्या, लोकांना आपोआप जमलं. हातात पुठ्ठा आणि समोर एक कॅमेरा, बस.

त्याआधीचं उदाहरण १९६७ चं. माँट्रिऑलच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात किनोऑटोमॅट होतं. प्रत्येक खुर्चीला लाल आणि हिरवं बटण, चित्रपट मध्येच थांबायचा, निवेदक मंचावर येऊन विचारायचा पुढे काय व्हावं. पण कथा अशी रचलेली होती की काहीही निवडलं तरी शेवट तोच. तो कलाकृतीचा भाग होता, तिथे शोभला. व्याख्यानात नागरिकांना बोलावून असं करणं मला योग्य वाटत नाही. मत मागितलं तर ते वापरलं पाहिजे.

नेरुळ_सेक्टर

जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्लेच्या कार्यक्रमात मनगटावर जे चमकणारे पट्टे दिले होते, तसं काही छोट्या प्रमाणात करता येईल का? सगळं स्टेडियम एकदम रंग बदलायचं, अंगावर काटा आला होता.

केबलवाला

तो अनुभव जबरदस्तच. ते पट्टे बिनतारी इशाऱ्यांवर चालतात. मंचाकडून इशारा येतो आणि पट्टा रंग बदलतो, पट्ट्याकडून परत काही जात नाही. म्हणजे प्रेक्षक चित्राचा भाग होतो, पण ठरवतो ती समोरची मंडळी. गाण्याच्या कार्यक्रमाला तेच हवं असतं. धागाकर्त्यांना मागच्या रांगेतलं मत पुढे आणायचंय, त्यासाठी त्याचा उपयोग नाही.

श्रवण

एक विनंती. माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं आणि म्हणून त्यांनी व्याख्यानांना जाणं सोडलंय. फोनवरच्या लाइव्ह ट्रान्स्क्राइबमध्ये मराठी आहे. माइकचा आवाज थेट एका फोनला देऊन तो मंचाशेजारच्या छोट्या पडद्यावर दाखवला तर बोललेलं अक्षरांत उमटत जातं. चुका होतात, गावांची नावं हमखास बिघडतात, पण संदर्भ लागतो. माझ्या दृष्टीने सहभाग इथून सुरू होतो. जे ऐकूच आलं नाही त्यावर मत काय देणार?

केबलवाला

करता येतं. फोन हॉलमध्ये नुसता ठेवू नका, घुमारा ऐकून तो गोंधळतो. आवाजाच्या कन्सोलमधून वेगळी लाइन काढून द्या.

ठाणे_स्लो

फोन नंबर, ईमेल काही गोळा करणार असाल तर जपून. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पाहा. कशासाठी घेताय ते सांगून संमती घ्यावी अशी त्यात अट आहे, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची. सोपा उपाय म्हणजे घेऊच नका. कार्डाला नाव नसतं, ही त्याची आणखी एक चांगली बाजू.

दादर_पश्चिम

पहिली संध्याकाळ, पाण्याची, झाली. इथे ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांचे मनापासून आभार, आणि जे घडलं ते सांगायलाच हवं.

चार खुर्च्यांना एक कार्ड दिलं. बाजूंवर मार्करने मोठं अ, ब, क, ड लिहिलं. फोनवरून फक्त लेखी प्रश्न घेतले, तेही ज्यांना हवं त्यांनी. मतदानाच्या वेळी दिवे लागत, वक्ता बोलायला लागला की मंद होत.

पहिला प्रश्न बाईंनी सुचवलेलाच. मुंबईला सर्वांत जास्त पाणी कुठून? विहार, तानसा, भातसा की पवई? आधी प्रत्येकाने छातीशी बोटं धरून आपलं उत्तर दाखवायचं, मग चौघांनी मिळून कार्ड. हॉलमध्ये एकदम असा कलकलाट झाला की सूत्रसंचालिकेला दोनदा घंटा वाजवावी लागली. अनोळखी माणसं एकमेकांकडे वळून बसली होती. आलेखात तानसा सर्वांत उंच. साहजिक आहे, तानसाची पाइपलाइन आपण उपनगरांत जाता-येता पाहतो. पवईलाही बरीच कार्डं होती, आणि ते पाणी पिण्यासाठी वापरतच नाहीत हे ऐकून लोक चकित झाले.

वक्त्यांनी दोन वाटा तयार ठेवल्या होत्या. बहुतेकांना भातसा माहीत असता तर ते थेट जलशुद्धीकरणावर गेले असते. तसं नव्हतं, म्हणून नकाशा काढून विहारपासून सुरुवात केली: १८६० चं विहार, १८९२ चं तानसा, आणि शहर वाढत गेलं तसं पाणी कसं लांबून लांबून आणावं लागलं, अगदी २०१४ च्या मध्य वैतरणापर्यंत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत. जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं, शहापूर तालुक्यातलं.

तेव्हा मधल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांच्या गटाने भातसा निवडलं होतं, त्यांच्याच आग्रहाने. म्हणाल्या, मी शहापूरकडची आहे, धरण जवळ असून आमच्याकडच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. सभागृह शांत ऐकत होतं. वक्त्यांनी पुढच्या स्लाइड सोडल्या आणि उरलेला वेळ त्याच विषयाला दिला: धरणाच्या शेजारच्या गावाचा पाण्यावर हक्क किती, शहराने त्यांच्यासाठी काय करायला हवं. या बाई आमच्याकडे नेहमी येतात. कधी बोलल्या नव्हत्या.

अडचणी: मागच्या डाव्या कोपऱ्यात प्रकाश कमी पडला, कार्डं वाचली जाईनात, तिथे स्वयंसेवकाला फोन घेऊन जवळ जावं लागलं. चार प्रश्न ठरवले होते, दोनच झाले. पुढच्या वेळी दोनच ठेवणार. लिहून येणाऱ्या बोलण्याचा पडदाही लावला होता आणि त्याच्या समोरच्या खुर्च्या सगळ्यात आधी भरल्या.

गिरगाव_जुना

मी आलो होतो, मागे बसलो होतो. आमच्या गटात दोन कॉलेजची मुलं होती, त्यांनी मला तानसावरून भातसावर आणलं. फोन काढावा लागला नाही. कचऱ्याच्या संध्याकाळीही येईन.

श्रवण

वडिलांना घेऊन येतोय.

नेरुळ_सेक्टर

आमच्या सोसायटीचा हॉल लहान आहे, ऐंशीएक माणसं. कार्डं दोघांत एक द्यावीत का?

मुलुंडची_बाई

दोघांत एक नको. दोघांत जो मोठ्याने बोलतो त्याचंच चालतं. तिघांत एक द्या, आणि शक्य असेल तर एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या गटांत बसवा.